पत्त्याच्या शेपटाला असलेली अक्षरं: टॉप लेव्हल डोमेन आणि त्यांचे गट

वाटाड्या (धागालेखक)

इथे अधूनमधून कुणीतरी एखादी लिंक टाकून विचारतं, "शेवटी डॉट ऑर्ग आहे, म्हणजे संस्था खरी असेल ना?" किंवा "डॉट आयओ म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचंच ना?" दोन्हींचं उत्तर "तसं काही नाही" असंच आहे. ते का, हे एकदा एका जागी नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

पत्ता आपण डावीकडून वाचतो, नावं शोधणारी यंत्रणा मात्र उजवीकडून वाचते. खरं तर प्रत्येक पत्त्याच्या अगदी शेवटी आणखी एक टिंब असतं, जे आपण लिहीत नाही. ते टिंब म्हणजे मूळ, रूट. ब्राउझरमध्ये एखाद्या पत्त्यात डॉट कॉम नंतर आणखी एक टिंब देऊन बघा, बहुतेक साइट्स उघडतात. त्या टिंबाच्या लगेच डावीकडे जे येतं ते टॉप लेव्हल डोमेन, म्हणजे टीएलडी. रूटमध्ये फक्त एवढीच माहिती असते की अमुक टीएलडीची यादी कोणत्या सर्व्हरांकडे आहे. त्या सर्व्हरांना विचारलं की पुढच्या नावाचा सर्व्हर कळतो, असं करत करत आपण मुक्कामाला पोचतो. हा रूट सांभाळण्याचं काम आयाना (इंटरनेटची नावं आणि क्रमांक यांची नोंद ठेवणारी यंत्रणा) करते, आणि आयानाचं काम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालतं. आज रूटमध्ये १४०० हून जास्त टीएलडी आहेत.

सुरुवातीला एवढं काही नव्हतं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच मजकूर-फाइलमध्ये असायची आणि ती फाइल सगळे उतरवून घ्यायचे. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी पहिली टीएलडी ठरवली: कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग, शिवाय देशांसाठी दोन अक्षरी संकेत. जुन्या आर्पानेट जाळ्यावरून आलेलं आर्पा आधीपासून तात्पुरतं होतं, ते कायमचं राहिलं. नेट काही महिन्यांत आलं. मार्च १९८५ मध्ये सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं.

गट समजून घेताना एक सोपी खूण आधी लक्षात ठेवा. रोमन लिपीतलं दोन अक्षरी टीएलडी दिसलं की ते देशाचं किंवा प्रदेशाचं असतं, अपवाद नाही. तीन किंवा जास्त अक्षरं असली की ते देशाचं नसतं. आयकॅनने दोन रोमन अक्षरं देशांसाठीच राखून ठेवली आहेत, त्यामुळे उद्या कितीही पैसे मोजले तरी कुणाला दोन अक्षरी ब्रँड टीएलडी मिळणार नाही.

आयानाच्या यादीत पुढचे गट दिसतात. देशसंकेत, म्हणजे सीसीटीएलडी. सर्वसाधारण, म्हणजे जीटीएलडी: कॉम, नेट, ऑर्ग, इन्फो आणि २०१३ नंतर आलेली शेकडो नवी. प्रायोजित: ज्यांच्यामागे एखादी संस्था उभी असते आणि नाव कुणाला द्यायचं हे ती ठरवते, उदाहरणार्थ विमानवाहतुकीचं एरो, संग्रहालयांचं म्युझियम, सहकारी संस्थांचं कूप. एज्यु, गव्ह, मिल आणि इंट हीसुद्धा आयानाच्या यादीत प्रायोजितच आहेत. सर्वसाधारण पण निर्बंधित: बिझ, नेम आणि प्रो, एवढी तीनच. आणि पायाभूत सुविधेचं एकटं आर्पा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे गट विषयावरून पडलेले नाहीत. साइट कशाबद्दल आहे हे टीएलडी सांगत नाही. त्या नावावर नियम कुणाचे चालतात, वाद झाला तर दाद कुठे मागायची, दर कोण ठरवतं, हे टीएलडी सांगतं. डॉट ऑर्ग कुणीही घेऊ शकतं, ना-नफा असण्याची अट नाही. डॉट एज्यु मात्र २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच मिळतं. डॉट इंट आंतरराष्ट्रीय कराराने स्थापन झालेल्या संघटनांना, उदाहरणार्थ जागतिक आरोग्य संघटनेला. म्हणून एज्यु किंवा इंट बघून काही निष्कर्ष काढता येतो, ऑर्ग बघून येत नाही.

पिंपळपान

सुंदर धागा. एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. देशांचे संकेत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीतून घेतात ना? मग ब्रिटनचा आयएसओ संकेत जीबी असून डोमेन यूके कसं? आणि देशच उरला नाही तर त्याच्या डोमेनचं काय होतं?

वाटाड्या

हो, आयएसओ ३१६६ हीच यादी. पोस्टेल यांनी ती घेतली यामागे फार शहाणपण होतं. एखादा भूभाग देश आहे की नाही हा वाद इंटरनेट चालवणाऱ्यांनी अंगावर घ्यायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी केलेली यादी जशीच्या तशी वापरायची, हे तत्त्व त्यांनी १९९४ च्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवलं. म्हणूनच अंटार्क्टिकाला एक्यू आहे आणि कुणीच राहत नाही त्या बूव्हे बेटालाही बीव्ही आहे. यूके हा फार सुरुवातीचा अपवाद, १९८५ चा. जीबी रूटमध्ये आहे पण वापरात नाही. युरोपीय संघ देश नसतानाही ईयू आहे, कारण आयएसओने तो संकेत खास राखून ठेवला.

देश संपला की काय होतं याची उदाहरणं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. चेकोस्लोव्हाकियाचं सीएस १९९५ मध्ये काढून टाकलं. झाईरचं झेडआर २००१ मध्ये गेलं आणि त्याजागी सीडी आलं. युगोस्लाव्हियाचं वाययू २०१० पर्यंत टिकलं, तोवर लोकांनी सर्बियाच्या आरएसवर किंवा माँटेनेग्रोच्या एमईवर जायचं होतं. पूर्व जर्मनीला डीडी हा संकेत होता, पण ते डोमेन कधी सुरूच झालं नाही. आणि सोव्हिएत संघाचं एसयू सप्टेंबर १९९० मध्ये मिळालं, सव्वा वर्षात देश विसर्जित झाला, डोमेन मात्र आजही चालू आहे.

आता सगळ्यांचं लक्ष आयओकडे आहे. तो ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा संकेत, म्हणजे चागोस बेटं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी त्या बेटांच्या सार्वभौमत्वाबद्दल करारावर सह्या केल्या. करार झाला म्हणून डोमेन लगेच जात नाही. आयएसओच्या यादीतून संकेत निघाला तरच पुढची प्रक्रिया सुरू होते. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या धोरणानुसार त्यानंतर साधारण पाच वर्षं मिळतात आणि ती मुदत आणखी पाच वर्षांपर्यंत वाढू शकते. म्हणजे आज ज्यांच्याकडे डॉट आयओ आहे त्यांनी घाबरून उद्याच नाव बदलायला नको, पण दहा-वीस वर्षांच्या कामाला ते नव्याने घेताना विचार करावा.

तळटीप

आर्पावर एकच ओळ लिहून पुढे गेलात, तिथे थोडं थांबायला हवं होतं. इंटरनेटवर रोज प्रचंड वापर होणारं आणि जवळपास कुणी न पाहिलेलं हे टीएलडी आहे.

नावावरून आयपी पत्ता (यंत्राचा आकडी पत्ता) शोधतात तसंच पत्त्यावरून नावही शोधावं लागतं. ईमेल सर्व्हर समोरून आलेल्या पत्त्याची अशीच चौकशी करतो. समजा पत्ता १९२.०.२.५ आहे. डीएनएसमध्ये उजवीकडचा भाग सगळ्यात वरचा, तर आयपी पत्त्यात डावीकडचा. म्हणून पत्ता उलटा लिहितात: ५.२.०.१९२, त्यापुढे इन-ॲडर डॉट आर्पा. नव्या, लांब पत्त्यांच्या आयपीव्ही६ साठी आयपी६ डॉट आर्पा. तुम्ही पाठवलेलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जात असेल तर या उलट्या नोंदीत गफलत असण्याची बरीच शक्यता असते.

आणखी एक गट वाटाड्या यांच्या यादीत नाही, कारण तो रूटमध्येच नाही: राखीव नावं. टेस्ट, एक्झाम्पल, इनव्हॅलिड आणि लोकलहोस्ट ही चार १९९९ मध्ये बाजूला काढून ठेवली, कधीच कुणाला द्यायची नाहीत म्हणून. ओळख लपवून वेब वापरायच्या टॉर जाळ्याचं ओनियन २०१५ मध्ये राखीव झालं. ऑफिसातल्या अंतर्गत नेटवर्कसाठी २०२४ मध्ये इंटर्नल राखून ठेवलं. होम, कॉर्प आणि मेल यांच्यासाठी अर्ज आले होते, पण असंख्य ऑफिसांनी आणि राउटरांनी ही नावं आपापल्या जाळ्यात आधीच वापरली होती. रूटमध्ये तीच नावं आली असती तर आतल्या नावांच्या चौकश्या बाहेर गळल्या असत्या. म्हणून आयकॅनने २०१८ मध्ये ती न देण्याचं ठरवलं.

हे किती टोचतं ते डेव्हच्या वेळी दिसलं. बरेच प्रोग्रामर आपल्या यंत्रावरच्या चाचणीच्या साइटला डॉट डेव्ह जोडायचे. ते नाव नंतर गूगलला टीएलडी म्हणून मिळालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने त्या टीएलडीखालच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सक्तीचं केलं. आमच्या टीममध्ये सकाळी ब्राउझर अपडेट झाले आणि चाचणीची एकही साइट उघडेना. सर्व्हर चालू, कोडला कुणी हात लावलेला नाही, आणि ब्राउझर म्हणतोय कनेक्शन सुरक्षित नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: घरगुती नावाला टेस्ट किंवा इंटर्नल, तिसरं काही नको.

निळावंती

माझा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. आम्ही काही जण जुनी नियतकालिकं स्कॅन करून मोफत उपलब्ध करून देतोय. काम निदान पंचवीस वर्षं टिकावं अशी इच्छा आहे. डोमेन घ्यायचंय. तरुण मंडळी एआय घ्या म्हणतात, कारण आम्ही अक्षर-ओळख वापरतो. कुणी आर्काइव्हसारखं काही नवीन लांब नाव सुचवतं. मला ऑर्ग बरं वाटतं. वरचं सगळं वाचून गोंधळ वाढलाय.

किनारा

निळावंतीताई, मी म्हणेन नाव लक्षात राहील असं घ्या आणि बाकी सोडा. लोक सर्चमधून येतात, शेपूट कोण बघतंय? एआय आज सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

तळटीप

किनारा, एक-दोन वर्षांच्या प्रकल्पाला हे चालेल. पंचवीस वर्षांच्या संग्रहाला नाही. त्या संग्रहातल्या प्रत्येक पानाचा दुवा लोक आपल्या लेखांत, प्रबंधांत देणार. डोमेन गेलं की ते सगळे दुवे मेले.

एआय हा अँग्विला नावाच्या छोट्या कॅरिबियन प्रदेशाचा संकेत आहे. १९९५ मध्ये मिळाला तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेशी त्याचा काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये तिथल्या सरकारच्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा या डोमेनमधून आला. त्यांच्यासाठी ही आनंदाचीच गोष्ट आहे. तुवालूच्या टीव्हीचंही तसंच, त्या पैशांचा संयुक्त राष्ट्रांचं सदस्य होण्यासाठी त्यांना उपयोग झाला. पण देशसंकेतावर शेवटचा शब्द त्या देशाचा असतो. दर, अटी, मजकुराचे नियम, सगळं. २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणी संस्थेने (म्हणजे तिथलं टीएलडी चालवणाऱ्या संस्थेने) व्हीबी डॉट एलवाय हे लघु-दुवा देणारं डोमेन मजकूर स्थानिक कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांचा लिबियाशी काडीचा संबंध नव्हता, फक्त अक्षरं आवडली होती.

आणि नियम मोडावेच लागतात असंही नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा ब्रिटनमधल्या डॉट ईयूधारकांची पात्रताच संपली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची नावं स्थगित झाली, वर्षभराने काढून घेतली. त्यांच्या साइटने काहीच गैर केलं नव्हतं.

किनारा

ईयूचं माहीत नव्हतं. पटलं. पण मग देशसंकेत घ्यायचाच नाही का?

वाटाड्या

घ्यायचा की. तुमचा खरा संबंध असलेल्या देशाचा घ्या. तिथला कायदा तुम्हाला तसाही लागू आहे आणि वाद झाला तर दाद जवळच मागता येते. कॅनडाच्या सीएला आणि अमेरिकेच्या यूएसला तर तसा संबंध दाखवावाच लागतो. अडचण परक्या देशाचं नाव निव्वळ अक्षरांसाठी घेण्यात आहे.

निळावंती, तुमच्यासाठी ऑर्ग चांगलं आहे, पण ते आपोआप पवित्र नाही हे लक्षात असू द्या. ऑर्ग चालवणारी संस्था १.१३५ अब्ज डॉलरला एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१९ मध्ये आला होता. जगभरच्या ना-नफा संस्थांनी विरोध केला, आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने संमती नाकारली म्हणून तो बारगळला. लोक बोलले म्हणून ते वाचलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नव्या लांब नावांबद्दल: २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले, अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. २०२६ च्या फेरीला ती २,२७,००० आहे. त्यातून ॲप, शॉप, ऑनलाइन अशी उघडी नावं आली, शहरांची आली, आणि ब्रँडची आली, जिथे ती कंपनी सोडून कुणालाच नोंदणी करता येत नाही. उघड्या नव्या टीएलडीत दर कितीही वाढवायची मोकळीक असते. मात्र नूतनीकरणाचा दर वाढवायचा तर नोंदणी संस्थेने १८० दिवस आधी कळवावं लागतं, आणि त्या काळात जुन्या दराने एकूण दहा वर्षांपर्यंत मुदत वाढवून घेता येते. आकर्षक पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, दुसऱ्या वर्षाची बघा. काही निवडक नावांना नूतनीकरणही कायम महाग असतं, ते घेतानाच विचारून घ्या.

मध्यंतर

एक बारीक प्रश्न. काही पत्त्यांत शेवटी सीओ डॉट यूके असतं. तिथे टीएलडी कोणतं? दोन्ही मिळून?

तळटीप

टीएलडी फक्त यूके. सीओ हा त्याखालचा, नोंदणी संस्थेने स्वतः पाडलेला कप्पा, तसाच शिक्षणसंस्थांसाठी एसी. गंमत म्हणजे डीएनएसला याची काही खबर नसते, त्याच्या लेखी सगळी टिंबं सारखीच.

पण ब्राउझरला हे कळणं अत्यंत गरजेचं आहे. एखाद्या दुकानाच्या साइटला अख्ख्या सीओ डॉट यूकेसाठी कुकी, म्हणजे ब्राउझरमधली छोटी नोंद, ठेवता आली तर त्याखालच्या प्रत्येक साइटला ती दिसेल. म्हणून मोझिलाने सुरू केलेली पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची एक यादी आहे, ती माणसं हाताने सांभाळतात, आणि सगळे मोठे ब्राउझर ती वापरतात. त्यात गिटहब डॉट आयओसुद्धा आहे, कारण तिथे प्रत्येक उपनाव वेगळ्या माणसाचं असतं. इतकी मोठी सुरक्षा एका साध्या मजकूर-यादीवर उभी आहे याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि ती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

अनुस्वार

देवनागरीतल्या टीएलडीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. २०१० मध्ये पहिल्यांदा अरबी लिपीतली देशनामं रूटमध्ये आली: इजिप्त, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. लगोलग रशियाचं सिरिलिक. देवनागरी डॉट भारत २०१४ पासून लोकांना मिळू लागलं. म्हणजे दोन अक्षरांची खूण फक्त रोमनपुरती आहे.

आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: देवनागरीत लिहिलेलं डॉट कॉम हे एक वेगळं, स्वतंत्र टीएलडी आहे. नेट आणि संगठनही आहेत. रोमन डॉट कॉमवर तुमचं नाव असलं म्हणून देवनागरी कॉमवर ते आपोआप येत नाही. या धाग्यात आपण सगळे देवनागरीत लिहितोय, पण बोलतोय रोमन टीएलडीबद्दल, हे नव्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आत मात्र सगळं रोमनच चालतं. देवनागरी भारत रूटमध्ये एक्सएन, दोन संयोगचिन्हं आणि एच२बीआरजे९सी असं साठवलेलं आहे. ब्राउझर ते आपल्यासाठी परत देवनागरीत दाखवतो. दुखणं दुसरीकडे आहे: असा ईमेल पत्ता फॉर्ममध्ये भरला की कितीतरी साइट्स "पत्ता अवैध" म्हणून परत पाठवतात. फॉर्म लिहिणाऱ्यांनी मनाशी धरलेलं असतं की शेपूट दोन ते चार रोमन अक्षरांचंच असतं. इथले जे कुणी फॉर्म बनवतात त्यांना हात जोडून विनंती, ती अट काढा.

पिंपळपान

हे वाचून आठवलं, एका अक्षराने केवढा घोळ होतो. अमेरिकी लष्कराचं टीएलडी मिल, आणि माली देशाचं एमएल. मधला आय टाइप करायचा राहिला की लष्करी पत्र थेट मालीच्या डोमेनकडे. मालीचं डोमेन सांभाळणाऱ्या डच तंत्रज्ञाने जानेवारी २०२३ पासून अशी पत्रं गोळा करायला सुरुवात केली, तर जुलैपर्यंत १ लाखाहून जास्त झाली. त्यांत वैद्यकीय माहिती होती, प्रवासाचे तपशील होते.

मध्यंतर

मे २०२३ मध्ये झिप हे टीएलडी सर्वांना खुलं झालं तेव्हाही अशीच काळजी व्यक्त झाली होती. जी अक्षरं फाइलच्या नावाला असतात तीच आता पत्त्यालाही. कुणी गप्पांत फाइलचं नाव लिहिलं तरी काही ॲप्स त्याची लिंक करून टाकतात. अशा लिंकवर चटकन बोट जाऊ देऊ नका.

निळावंती

सगळ्यांचे आभार. आमच्या बैठकीत ऑर्ग ठरलं. दहा वर्षांचे पैसे एकदम भरतोय. आता शेवटचं विचारते: चुकून मुदत उलटली तर नाव त्याच दिवशी जातं का?

तळटीप

जीटीएलडीत लगेच जात नाही. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार (तुम्हाला नाव नोंदवून देणारी कंपनी) काही दिवसांची सवलत देतो, जास्तीत जास्त ४५. ती प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा त्याच्या अटी आधी वाचा. त्यानंतर नाव रद्द झालं तरी ३० दिवस परत घेता येतं, फक्त दंड चांगलाच असतो. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते जगाला मोकळं. चांगली नावं त्याच क्षणी उचलायला संगणक टपलेले असतात.

नोंदणी एका माणसाच्या खासगी ईमेलवर करू नका, संस्थेच्या पत्त्यावर करा आणि तो पत्ता याच डोमेनवरचा नसू द्या, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर आठवणीचं पत्रही पोचणार नाही. दोघांकडे पासवर्ड असू द्या, आणि ट्रान्सफर लॉक (नाव परस्पर दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) आहे ना तेवढं आजच बघून घ्या.